बोन्सायवर कीड पडली? फवारणीआधी हे करा

बोन्सायवर कीड दिसली की नवखा माणूस सहसा सरळ कृषी सेवा केंद्र गाठतो आणि ‘किडीचं औषध द्या’ म्हणतो. सांगली-मिरजेत अशी दुकानं भरपूर आहेत. काउंटरवरचा माणूस दिवसभर द्राक्षवाल्यांशी, ऊसवाल्यांशी, हळदवाल्यांशी बोलत असतो आणि एकराच्या हिशेबाने औषध देतो. आपलं झाड दीड फुटाचं, पसरट कुंडीतल्या ओंजळभर मातीत जगणारं. शेतातली मात्रा त्याला सोसत नाही. शिवाय कीड कोणती हेच आपल्याला सांगता आलं नाही, तर दुकानदार तरी नेमकं औषध कसं देणार?

बोन्साय लहान असतं, हाच किडीच्या बाबतीत आपला सगळ्यात मोठा फायदा आहे. त्याचं पान न् पान हाताने उलटून बघता येतं. तासगावच्या बागाईतदाराला हजारो वेलींवर ते शक्य नसतं, म्हणून त्याला पंप उचलावा लागतो. आपण आधी डोळे वापरायचे, मग बोटं, मग पाणी आणि साबण. बाटलीची पाळी त्यानंतर, आणि बहुतेक वेळा ती येतही नाही.

खालची माहिती सांगलीच्या हवेला धरून आहे. साताऱ्याला ती जवळपास तशीच लागू पडेल. पाचगणी-महाबळेश्वरकडे पाऊस आणि धुकं जास्त, तेवढा फरक धरायचा.

पहिली पायरी: झाड बाजूला काढा आणि नीट तपासा

शंका आली की कुंडी बाकीच्या झाडांपासून चार-पाच फूट लांब ठेवा. जागा सावलीची पण हवा खेळणारी हवी. घरात आणू नका, बंद हवेत कीड आणखी वाढते.

तपासायला तीन वस्तू पुरतात: सराफ वापरतात तसलं दहा पटीचं भिंग, एक पांढरा कागद आणि दात घासायचा जुना मऊ ब्रश. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा. सुरुवात शेंड्यापासून करा आणि खाली या. कोवळी पालवी, पानांची मागची बाजू, पान फांदीला जिथे जोडलं आहे ती बेचकी, सालीच्या भेगा. वळण देण्यासाठी तार गुंडाळली असेल तर तारेच्या आतली बाजू हमखास बघा, तिथे नजर पोचत नाही म्हणूनच कीड तिथे बसते. शेवटी मुळांच्या मानेपाशी शेवाळ उचलून बघा आणि कुंडी तिरकी करून तळाचं भोक तपासा.

खोडावरून मुंग्यांची रांग चढत-उतरत असेल तर समजा वर रस शोषणारी कीड आहे. मावा, पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले कीड अंगातून गोड चिकट रस सोडतात. मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्या किडीची राखण करतात, तिच्या शत्रूंना हुसकावून लावतात. हाच रस पानांवर सांडला की त्यावर काळी काजळी धरते. पानं काळी पडली म्हणून बुरशीनाशक मारणारे बरेच जण भेटतात. काजळी ओल्या फडक्याने पुसली की निघते. वरची कीड राहिली तर ती आठवडाभरात पुन्हा धरते.

दुसरी पायरी: कोण आहे ते ओळखा

पिठ्या ढेकूण. आपल्याकडे शेतकरी याला मिलीबग म्हणतात. बेचक्यात कापसाचा बोळा अडकल्यासारखा दिसतो. जेड, जास्वंद, फायकस, कुंती यांच्यावर फार. भिंगाखाली त्याच्या पांढऱ्या पिठाखालचं गुलाबट, चपटं, कडेला बारीक दशा असलेलं अंग दिसतं. मादीला पंख नसतात आणि ती एका पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. त्या मेणचट पिशवीवरून पाणी आणि औषध ओघळून जातं. याची एक जात मुळांवर राहते. जेडची वाढ कारण नसताना थांबली, पानं सुरकुतली आणि वर काहीच दिसत नसेल, तर मातीचा गड्डा अलगद उचलून कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी पावडर आहे का बघा.

द्राक्षबागेत मिलीबग सैल सालीखाली लपतो, म्हणून बागाईतदार खोडाची सुटलेली साल काढून टाकतात. जुन्या चिंचेच्या किंवा करवंदाच्या बोन्सायला तेच करता येतं. आपोआप सुटणारा सालीचा पापुद्राच फक्त काढायचा. घट्ट साल खरवडू नका, वयस्कर दिसणारं खोड हीच तर त्या झाडाची कमाई असते.

खवले कीड. तपकिरी, फुगीर, मसुराच्या डाळीपेक्षाही लहान. हलत नाही, त्यामुळे ती फांदीवरची गाठच वाटते. नखाने खरवडून बघा. निघून आली आणि खाली ओलसर असेल तर जिवंत, कोरडी भुकटी झाली तर मेलेली. मेलेले खवले महिनोन्‌महिने चिकटून राहतात, तेव्हा ‘औषध मारलं तरी जात नाही’ असं ठरवण्याआधी नखाची परीक्षा घ्या.

फायकसवरचे फुलकिडे. हे नवख्याला सगळ्यात जास्त चकवतात, म्हणून जरा सविस्तर. फायकसची कोवळी पानं मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही कडा एकमेकींना भिडलेल्या दिसतात, वरून जांभळट-तांबूस ठिपके असतात. एक पान तोडा, पांढऱ्या कागदावर धरा आणि नखाने हळूच उघडा. आतून दोन-तीन मिलिमीटरचे काळे, लांबट किडे पळत सुटतात. काही शेपटी वर उचलतात. मागे फिकट पिवळी पिल्लं आणि पांढुरकी अंडी राहतात. त्या दुमडीत फवारा पोचतच नाही, आणि एकदा दुमडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. म्हणून उपाय एकच: अशी सगळी पानं कात्रीने कापून थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका, तोंड बांधा, कचऱ्यात द्या. खाली जमिनीवर टाकली तर किडे परत वर येतात. जवळपास कुणाच्या कुंपणाला फायकस असेल आणि त्याची पानं अशीच दुमडलेली दिसली, तर कीड तिथूनच येते आहे. बोन्सायची जागा बदला.

लाल कोळी. हा कीटक नाही, याला आठ पाय असतात, आणि हा फरक औषध निवडताना कामाला येतो. फेब्रुवारी संपला की सांगलीची हवा कोरडी होते आणि मे संपेपर्यंत कोळ्याचं राज्य असतं. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, मग पान धुरकट, शेवटी बारीक जाळी. पांढरा कागद फांदीखाली धरून दोन टिचक्या मारा. पडलेले ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटली तर तो कोळीच. नर्सरीतून हौसेने आणलेल्या जुनिपरवर ही परीक्षा दर आठवड्याला करा. आपल्या उन्हाळ्यात ते झाड आधीच दमलेलं असतं, आणि ते तपकिरी झालेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मावा कोवळ्या शेंड्यावर हिरवा किंवा काळा घोळका करून बसतो, ओळखायला सोपा आणि घालवायलाही. पांढरी माशी झाड हलवलं की भुर्रकन उडते. नागअळी लिंबूवर्गातल्या पानांत रुपेरी नागमोडी रेघा काढते, ती पानं खुडून टाकली की पुरे.

लिंबाच्या किंवा संत्र्याच्या बोन्सायवर आणखी एक पाहुणी येते. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठेपणी हिरवीगार होणारी ही फुलपाखराची अळी. चाळीस पानांच्या झाडावर अशा दोन अळ्या राहिल्या तर चार दिवसांत काड्या उरतात. मारू नका. हाताने उचला आणि अंगणातल्या कढीपत्त्यावर सोडा, ती तोही आवडीने खाते आणि मोठ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही.

झाड मुळासकट डगमगत असेल तर मातीत हुमणी असू शकते. ऊसपट्ट्यात ही अळी कुणाला सांगायला नको: पांढरी, अर्धगोल, तपकिरी डोक्याची. बोन्सायच्या कुंडीत ती येते ती बहुतेक अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. उथळ कुंडीतली मोजकी मुळं एकटी अळीही फस्त करते. माती मोकळी करून ती वेचून काढा. पुढच्या वेळी शेणखत वर्षभर मुरलेलंच घ्या, आणि मिसळण्याआधी कागदावर पसरून चाळा.

तिसरी पायरी: हाताने साफ करा

आधी झाडाला पाणी द्या. तहानलेल्या झाडावर साधा साबणही डाग पाडतो.

कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिकची पिशवी पसरून खोडाभोवती सैल बांधा, म्हणजे पडलेली कीड आणि साबणाचं पाणी मातीत जाणार नाही. मग झाड आडवं धरून नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून पानांच्या मागून जोरात पाणी मारा. मावा आणि कोळी यांचा मोठा भाग एवढ्यानेच जातो. कोळ्यासाठी तर उन्हाळ्यात एक दिवसाआड सकाळी पानांच्या मागून पाणी मारणं हाच मुख्य उपाय आहे. कोरड्या, धुळीने माखलेल्या पानावर तो फोफावतो, ओल्या पानावर नाही.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पाण्याने जात नाहीत. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडवा आणि प्रत्येक किडीला टेकवा. पांढरं पीठ विरघळून खालचा किडा तपकिरी दिसू लागला की तो मेला. खवल्यांना काडीने घासून काढा. कोवळ्या पालवीपाशी स्पिरिटमध्ये तेवढंच पाणी मिसळा. हे काम संध्याकाळी करा, उन्हात कधीच नाही. तारेखाली कीड असेल तर तार तुकडे करून काढून टाका. वळण थोडं मागे गेलं तरी चालेल, नंतर पुन्हा देता येतं.

वड, पिंपळ, फायकस यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. झाड सशक्त असेल आणि हवा उबदार असेल तर देठ ठेवून सगळी पानं कापता येतात. पानं लहान करण्यासाठी आपण हे करतोच. त्याबरोबर पानांवरची कीडही जाते आणि उघड्या फांद्या साफ करायला सोप्या पडतात. अशक्त झाडाला किंवा जुनिपरला हा उपाय करायचा नाही.

मुळांवर मिलीबग सापडला तर कुंडी बदलण्याशिवाय इलाज नाही. जुनी माती सगळी टाकून द्या, मुळं नळाखाली धुवा, कुंडी गरम पाण्याने घासा, नवी माती भरा. वड-फायकससारख्यांना पावसाळ्याच्या तोंडावर हे मानवतं. जेडची मुळं धुतल्यावर दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि मगच लावा.

चौथी पायरी: साधी फवारणी

एक लिटर पाण्यासाठी ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिलि सौम्य लिक्विड साबण घ्या. आधी कपभर कोमट पाण्यात साबण, त्यात तेल, ते दुधाळ होईपर्यंत हलवा आणि मग बाकीचं पाणी. तेल नुसतं पाण्यात टाकलं तर वर तरंगतं, फवाऱ्यातून आधी पाणी येतं आणि शेवटी निव्वळ तेल येऊन पानं भाजतात. मोजायला सुईविना ५ मिलिची सिरिंज वापरा आणि ती याच कामाला ठेवा. बनवलेलं पाणी त्याच दिवशी संपवा.

फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या मागच्या बाजूने. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तेलाची फवारणी टाळलेली बरी, त्या दिवसांत नुसता साबण वापरा, लिटरला ५ मिलि, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाड धुऊन टाका. जेड आणि अ‍ॅडेनियमच्या पानांवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, तेल-साबणाने तो जातो. त्यांच्या एकाच फांदीवर आधी फवारून दोन दिवस वाट बघा.

आणि मग येतो तो भाग जो बहुतेकांकडून राहून जातो. साबण, तेल, स्पिरिट अंगाला लागलेल्या किडीला मारतात, अंड्यांना फारसं काही करत नाहीत. पहिल्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं, आपण सुटलो म्हणतो, आणि दहा दिवसांनी नवी पिल्लं बाहेर. म्हणून दर सात दिवसांनी अशा तीन ते चार फवारण्या, कीड दिसत नसली तरी. भिंतीवरच्या कॅलेंडरात पहिल्या दिवशीच पुढच्या तारखांना खुणा करून टाका.

मुंग्यांचा बंदोबस्त याच वेळी करा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, त्या पाण्यात साबणाचे थेंब टाका आणि आठवड्याला पाणी बदला, नाहीतर डास होतील. बोन्सायची फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली नको, मुंग्या तो पूल शोधतातच. खोडावर ग्रीस फासू नका, साल खराब होते.

पांढरी माशी आणि उडणाऱ्या माव्यासाठी पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांसाठी निळे. त्यांनी कीड संपत नाही. वाढते आहे की घटते आहे, एवढं मात्र चांगलं कळतं.

मित्र कोण तेही ओळखा

२००२ साली उसावर लोकरी मावा आला, तो महाराष्ट्रात पहिल्यांदा सांगली जिल्ह्यात दिसला. तेव्हा ऊस केलेल्या घरांतल्या जुन्या माणसांना विचारा. पांढऱ्या लोकरीने पानं मागून भरून गेली होती, आणि उंच फडात फवारायला शिरणंही कठीण होतं. त्या माव्याला आवर घालण्यात मोठा वाटा होता डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा. त्या असलेली पानं लोक एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडत. आपल्या गच्चीवरही हाच न्याय लागू होतो. दिसेल ते मारत सुटलात तर राखण करणारेही मरतात.

खास सांभाळायची ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी. तीही पांढरी, दशादशांची असते, त्यामुळे मिलीबग समजून नेमकी तीच चिरडली जाते. फरक असा: मिलीबग तीन-चार मिलिमीटरचा आणि जवळजवळ बसून असतो, ही अळी त्याच्या दुपटी-तिपटीने मोठी आणि भराभर चालणारी. ती मिलीबग आणि त्याची अंडी खाते. ती दिसली तर हात आवरा, आठवडाभर फवारणी थांबवा. ठिपक्यांचा लाल ढालकिडा आणि केसासारख्या दांडीच्या टोकावर अंडी घालणारी हिरवी क्रायसोपा माशी, हेही आपलेच.

एवढ्याने भागलं नाही तर

आधी जैविक औषध. मिलीबग, मावा आणि पांढऱ्या माशीसाठी व्हर्टिसिलियम लेकॅनी किंवा ब्युव्हेरिया बॅसियाना ही किडीवर वाढणारी बुरशी मिळते. द्राक्षवाले वापरतात म्हणून सांगलीकडे ती शोधावी लागत नाही. भुकटी असेल तर लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. तिला ओलावा लागतो, म्हणून जून ते सप्टेंबर हा तिचा काळ. पाचगणी-महाबळेश्वरकडे तर पावसाळी धुक्यात ती उत्तम चालते, फक्त फवारल्यावर काही तास पावसाची उघडीप हवी. विकत घेताना पाकिटावरची मुदत बघा आणि तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारू नका.

रासायनिक औषध अगदी शेवटी, आणि तेही झाड हातचं जातंय असं दिसलं तरच. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरच्या गच्चीवर लाल आणि पिवळा आणूच नका, शेतावरच्या उरलेल्या बाटलीतलं तर अजिबात नको. रस शोषणाऱ्या हट्टी किडीसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे लिटरला ०.३ मिलि, इन्सुलिनच्या सिरिंजने मोजून, पण त्याचाही त्रिकोण आधी बघा, पिवळा असेल तर तेही नको. फुलं आलेल्या झाडावर ते वापरू नका, मधमाश्या मरतात. लिंबू, चिकू, डाळिंब, चिंच अशा झाडांनाही नको, कारण बोन्सायचं फळ घरातली पोरं तोडून खातातच. कोळ्यावर ते चालत नाही, उलट कोळ्याला खाणारे कीटक मरून कोळी वाढतो. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हाळ्यात नाही आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवडे नाही, पानं करपतात.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच फवारा. वाऱ्याची दिशा बघा, शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी बघा. तयार केलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. साताऱ्याकडच्यांना शंका असेल तर बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात कीड लागलेली फांदी पिशवीत बंद करून दाखवायला न्यावी. नुसत्या तोंडी वर्णनापेक्षा नमुना दाखवलेला केव्हाही चांगला.

नवं झाड आणताना

गच्चीवर येणारी बरीचशी कीड आपण स्वतःच नर्सरीतून आणतो. विकत घेताना पानं उलटून बघायला संकोचू नका. घरी आणल्यावर ते झाड निदान तीन आठवडे वेगळं ठेवा, म्हणजे असलेली अंडी त्या काळात उबून डोळ्यांना दिसतात. युरिया देऊन झाड झटपट हिरवं करायचा मोह टाळा, त्या लुसलुशीत पालवीवर मावा पहिला उतरतो. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर राहू द्या. एका झाडाची छाटणी करून दुसऱ्याकडे वळताना कात्रीची पाती स्पिरिटने पुसा. आणि बोन्साय करणारी माणसं एकमेकांना फांद्या देत-घेत असतातच, तर जेडची फांदी कुणाला लावायला देणार असाल तेव्हा आधी तिच्या बेचक्या तपासून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून द्या.